माळ्यावर फिरता अँटेना घ्यावा का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. केबल बंद केली. आता न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्हीकडची चॅनेल्स फुकट बघायची आहेत. माळ्यावर मावेल असा, रिमोटने फिरणारा छोटा अँटेना कोणता घ्यावा? एका खोक्यावर तर '१५० मैल' लिहिलंय.

उत्तर: कोणताच घेऊ नका. ते दीडशे मैल तर विसराच. पृथ्वी गोल असल्यामुळे साठ-सत्तर मैलांपलीकडचा मनोरा बहुधा क्षितिजाआड जातो.

फिरत्या अँटेनाचा उपयोग मनोरे चहूकडे विखुरलेले असतील तर. तुमच्या दिशा दोनच. मॅनहॅटन ईशान्येला, साधारण २७ मैलांवर. फिलाडेल्फियाचे मनोरे रॉक्सबरो भागात, नैर्ऋत्येला साधारण ५५ मैलांवर. दोन्ही जवळजवळ एका रेषेत, मधे तुमचं घर.

खरी गोम 'छोटा' या शब्दात आहे. यूएचएफ चॅनेल्सना फूटभर दांडी पुरते. पण फिलाडेल्फियाचं डब्ल्यूपीव्हीआय हे स्टेशन अजूनही सहाव्या व्हीएचएफ चॅनेलवरूनच, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्‌झवर प्रक्षेपण करतं. तिथली लहर साडेतीन मीटर लांब, म्हणजे तिला नीट धरणारी दांडी पावणेदोन मीटरची. एवढी दांडी छपराच्या कैच्यांमध्ये फिरणार कशी? आणि हातभर अँटेना त्या चॅनेलला फारशी दाद देत नाही, मग आतली मोटर कितीही गरगरो.

घरात दोन टीव्ही असतील तर भांडणंही ठरलेली. दिवाणखान्यात कुणी फिलाडेल्फियाकडे वळवला की बेडरूममधलं न्यूयॉर्क गेलं. त्यात बरेच टीव्ही नव्याने स्कॅन केल्यावर आधीची यादी पुसून टाकतात. शिवाय डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्याही येत नाहीत. चित्र स्वच्छ दिसतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन थिजतं. त्यामुळे नजरेच्या अंदाजाने दिशा जुळवणं अवघडच.

त्यापेक्षा दोन स्थिर अँटेना लावा: न्यूयॉर्ककडे लहान, फिलाडेल्फियाकडे मोठा, व्हीएचएफच्या लांब दांड्यांचा. प्रत्येकाची वेगळी केबल खाली आणून टीव्हीपाशी साधा ए-बी स्विच. दोन्ही केबली नुसत्या जोडून टाकू नका. एकाच स्टेशनचा सिग्नल दोन वाटांनी येऊन स्वतःलाच मारतो. ॲम्प्लिफायर लावायचाच झाला तर फक्त फिलाडेल्फियाच्या केबलला. मॅनहॅटनच्या जवळच्या, जोरदार सिग्नलने तो गुदमरतो.

पण खरेदीआधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. छपराखाली चंदेरी फॉइल लावलेलं किंवा वर पत्रा असेल, तर तिथे कुठलाच अँटेना धड चालणार नाही. बाहेरच लावावा लागेल. छप्पर सामाईक नसून फक्त तुमचं असेल, तर घरमालकांच्या असोसिएशनला घाबरू नका. एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) १९९६च्या नियमानुसार टीव्हीच्या अँटेनाला त्यांना सरसकट बंदी घालता येत नाही.