धान्य की बियाणे?

श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांच्या विकासास साहाय्य करावे काय? आमच्या मते अवश्य करावे. परंतु कोणते, हे पाहिले पाहिजे.

१९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ गव्हाने भारताची भूक भागविली, हे उपकार खरेच. मात्र अध्यक्ष जॉन्सन तो हात राखून पाठवीत, आणि आपण जहाजांची वाट पाहत असू.

१९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे विकत आणले. ते रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने झालेल्या संशोधनाचे फळ. आपले शास्त्रज्ञ व शेतकरी राबले. १९६५ चे सुमारे सव्वा कोटी टनांचे पीक १९७० मध्ये दोन कोटींवर गेले.

संकटात धान्य द्यावेच. पण सोबत बियाणे व विद्याही द्यावी. घेणाऱ्यास पुन्हा हात पसरावा लागू नये, हीच दानाची कसोटी.