शिवसागरावरची संध्याकाळ : तापोळा-बामणोलीच्या बोटफेरीचा बेत

डोंगरांनी वेढलेल्या जलाशयावर सूर्यास्तापूर्वीचा तासभर बोटीने फिरणे आणि सोबत चहा-सरबताचे घोट घेणे, हा भटकंतीतला सोपा आणि सुखाचा प्रकार आहे. चढण नाही, पाठीवर ओझे नाही. आदल्या दिवशी जवळचा वासोटा किल्ला चढून थकलेले ट्रेकर, घरातली लहान मुले आणि गुडघे दुखणारे आजी-आजोबा असे सगळे एकाच बोटीत बसू शकतात. महाराष्ट्रात अशा फेरीसाठी सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचा शिवसागर जलाशय फार चांगला आहे. तिथे तापोळा आणि बामणोली या दोन गावांच्या धक्क्यांवरून बोटी सुटतात. या फेरीत सांभाळायची मुख्य गोष्ट म्हणजे उजेड. सूर्यास्ताच्या वेळेपासून मागे मोजत बेत आखला, तर बाकीच्या बहुतेक अडचणी आपोआप टळतात.

जलाशयाची ओळख

कोयना नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, सह्याद्रीच्या दोन रांगांमधून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकच्या वळणाजवळ १९६०च्या दशकात सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण पूर्ण झाले आणि मागची अरुंद दरी पाण्याने भरली. धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. जलाशय रुंदीला कमी आणि लांबीला मोठा असून ओढ्या-नद्यांच्या जागी त्याला आत शिरणारे फाटे आहेत. तापोळ्याजवळ सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी कोयनेच्या पात्राला येऊन मिळतात. हाच इथला त्रिवेणी संगम, आणि तापोळ्याहून निघणाऱ्या बहुतेक फेऱ्या त्याच्याच दिशेने जातात.

जलाशयाच्या दोन काठांचा स्वभाव वेगळा आहे. पूर्वेकडे वस्ती, शेती आणि रस्ते आहेत. पश्चिमेकडे वासोट्याच्या बाजूला घनदाट जंगल आहे. १९८५ मध्ये ते कोयना अभयारण्य झाले आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्या काठावर परवानगीशिवाय उतरता येत नाही. वासोट्यासाठी वनखात्याची परवानगी बामणोलीत घ्यावी लागते आणि संध्याकाळपूर्वी परतावे लागते. त्यामुळे संध्याकाळची फेरी पाण्यावरचीच असते. पलीकडच्या काठावर पाय ठेवायचा बेत तीत धरू नये.

पाण्याखाली माणसांची गावेही गेली आहेत. कोयनेच्या विस्थापितांना दूरदूरच्या जिल्ह्यांत जावे लागले आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक दशके रेंगाळले. जी गावे काठावर राहिली, त्यांची जुनी वाट बुडाली आणि पाणी हीच नवी वाट झाली. आजही लाँचने बाजारहाट होतो, आजारी माणूस दवाखान्यात नेला जातो, आणि तापोळ्याचा तराफा जीप-मोटारी पलीकडे पोहोचवतो. धक्का हा गावकऱ्यांचा एसटी थांबा आहे, हे लक्षात ठेवून पाहुण्यांनी तिथे वागावे. नेहमीच्या उतारूंची लाँच लागली असेल, तर त्यांना आधी वाट द्यावी.

कोणत्या दिवसांत जावे

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळा संपताना जलाशय बहुधा काठोकाठ असतो, पाणी झाडीला टेकलेले असते आणि हवा स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य कलताच थंडी पडते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी जवळ हवीच.

मार्चनंतर पाणी झपाट्याने उतरते. कोयनेचे बरेच पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेऊन त्यावर वीज तयार केली जाते आणि उरलेले पूर्वेकडे सिंचनासाठी सोडले जाते. मे महिन्यात धक्क्यापासून पाण्यापर्यंत बरेच खाली उतरावे लागते. काठ उघडा, मातकट आणि निसरडा असतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाची भीती असते. जून ते सप्टेंबर हा मुसळधार पावसाचा काळ. तेव्हा या फेरीचा विचारच करू नये. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या फुलांच्या हंगामात साताऱ्याहून बामणोलीला जाणारा रस्ता कास पठारावरून जात असल्याने गर्दीत अडकतो, तेव्हा दोन-तीन तास हाताशी ठेवून निघावे.

वेळेचा हिशेब

तापोळ्याला डिसेंबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मार्चच्या सुरुवातीला पावणेसातच्या आसपास आणि मेच्या मध्यात सातला. पंचांगातली ही वेळ सपाट क्षितिजाची असते. इथे पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग उभी आहे. सूर्य तिच्यामागे आधीच जातो आणि दरीत सावली लवकर भरते. पाणी चमकायचे थांबले की थंडी जाणवू लागते. त्यानंतर संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे टिकतो.

म्हणून तासाभराची फेरी असेल, तर पंचांगातल्या सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी बोट सुटावी आणि सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटे आधी धक्क्याला लागावी. डिसेंबरात पावणेपाचला आणि मार्चमध्ये साडेपाचला निघणे सोयीचे. बोट ठरवणे, लाइफ जॅकेट घालणे आणि सगळ्यांना बसवणे यात अर्धा तास सहज जातो. तो धरून धक्क्यावर पोहोचावे.

गोरेगावहून येणाऱ्यांसाठी

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव, सेनगाव परिसरातून हा प्रवास सहाशे किलोमीटरच्या आसपास होतो. परभणी, बीड, अहिल्यानगर, पुणे, सातारा असा रस्ता सरळ पडतो. शनिवार-रविवारच्या सुट्टीत तो बसत नाही. जोडून सुट्ट्या आलेले चार दिवस हवेत. पहिल्या दिवशी साताऱ्यापर्यंत पोहोचून मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बामणोली किंवा तापोळा गाठावे आणि त्याच संध्याकाळी फेरी करावी. हिंगोलीहून थेट गाडी चालवत येऊन त्याच दिवशी घाट उतरून बोटीत बसण्याचा अट्टहास धोक्याचा आहे.

साताऱ्याहून बामणोलीला कास मार्गे जाता येते, तर तापोळ्याला महाबळेश्वरहून घाट उतरून. हिंगोलीकडच्या माणसाच्या सवयीपेक्षा इथे सूर्य साधारण दहा-पंधरा मिनिटे उशिरा मावळतो, कारण तापोळा रेखांशाने तीन अंशांहून अधिक पश्चिमेला आहे. डोंगराच्या सावलीमुळे हा फायदा मात्र हाती लागत नाही.

बोट ठरवताना

दोन्ही गावांत स्थानिकांच्या बोटी मिळतात. वल्ह्यांची होडी, इंजिनाची बोट आणि वेगाने जाणारी स्पीडबोट असे प्रकार असतात. संध्याकाळच्या निवांत फेरीसाठी छप्पर असलेली, संथ चालणारी इंजिनाची बोट बरी. स्पीडबोटीत गार वारा आणि आवाज, दोन्हींमुळे बोलणेही होत नाही. भाडे बहुतेकदा माणशी नसून अख्ख्या बोटीचे असते. ते, फेरीचा वेळ आणि कुठपर्यंत जायचे हे बसण्यापूर्वी स्पष्ट ठरवावे. तापोळ्याहून त्रिवेणी संगमापर्यंतची फेरी संध्याकाळी पुरेशी आहे. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत एकाच बाजूला तास-दीड तास लागतो, म्हणून ती वाट सकाळसाठी ठेवावी.

बोटीची मंजूर आसनक्षमता विचारावी आणि तीहून एकही माणूस जास्त बसवू नये; मांडीवरचे मूलही माणूसच धरावे. प्रत्येकाला जॅकेट मिळाल्याशिवाय बोट सोडू देऊ नये. जॅकेट नुसते खांद्यावर अडकवून उपयोग नाही. सगळे बंद लावून झाल्यावर दुसऱ्याने ते दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले, तर सैल आहे. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. पोहता येणाऱ्यांनीही ते काढू नये. जलाशय काठापासून लगेच खोल होतो, तळाशी गाळ आणि बुडालेली झाडे असतात, आणि गोड्या पाण्यात समुद्राइतके तरंगता येत नाही.

चढताना एक जण बोटीच्या मध्यावर पाय ठेवून लगेच खाली बसला की मग दुसऱ्याने चढावे. काठावरून उडी मारू नये. वजनदार माणसे मध्ये, बाकीचे दोन्ही बाजूंना सारखे. गवा किंवा पक्षी दिसला की सगळे एकदम एका बाजूला झुकतात, आणि बोट कलंडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. ज्या बाजूला दिसेल, त्या बाजूच्यांनी बसूनच पाहावे. बोट वळवून दुसऱ्यांनाही दाखवायला बोटवाल्याला सांगता येते.

पाण्यावर काय पाहावे

संध्याकाळी पाणकावळे पाण्यातून निघून वाळलेल्या झाडांवर पंख पसरून बसतात, खंड्या काठालगत सूर मारतो, आणि जंगलाच्या काठावर गवे पाणी प्यायला येतात. पश्चिमेकडे वासोट्याचा कडा दिसतो. शिवकाळात त्याचे नाव व्याघ्रगड होते आणि तुरुंग म्हणून त्याचा उपयोग होत असे. संगमाच्या मध्यावर इंजिन पाच मिनिटे बंद करायला सांगावे. तिन्ही खोऱ्यांतले आवाज पाण्यावरून किती लांबून येतात, हे तेव्हा कळते. मोबाइलवर गाणी लावून ही पाच मिनिटे घालवू नयेत. पलीकडे अभयारण्य आहे.

पेयांचा बेत

चहा थर्मासमध्ये भरून न्यावा आणि स्टीलचे किंवा एनॅमलचे पेले घ्यावेत. लाटेवर हिंदकळू नये म्हणून पेला अर्धाच भरावा. उन्हाच्या दिवसांत कोकम सरबत किंवा महाबळेश्वरचा मध घातलेले लिंबू सरबत छान लागते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ताजी मिळते. तिला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा रस किंवा नुसती फळे डब्यात न्यावीत. सोबत भाजके शेंगदाणे, चणे, चिवडा असे न सांडणारे काहीतरी. काचेची बाटली नेऊ नये. प्लास्टिकचे कप, कागद, फळांची साले असे काहीही पाण्यात टाकू नये. सगळे पिशवीत परत आणावे.

मद्य बोटीवर नेऊ नये. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो, विकण्या-पाजण्याच्या जागेलाही वेगळा परवाना लागतो, आणि सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा घालणे गुन्हा आहे. साधी प्रवासी बोट म्हणजे बार नव्हे. अभयारण्याच्या हद्दीत तर दारू आणूच नये. कायद्यापलीकडेही कारण आहे. दारूने तोल जातो, धोक्याचा अंदाज चुकतो, आणि त्वचेकडचे रक्त वाढून ऊब वाटली तरी शरीराची उष्णता वेगाने बाहेर जाते. थंड पाण्यात पडलेल्या माणसाला हे भोवते. ज्यांना संध्याकाळचा पेला हवाच, त्यांनी फेरी संपवून, मुक्कामाच्या परवानाधारक ठिकाणी तो घ्यावा, आणि त्यानंतर घाटात गाडी काढू नये. बोटीवरच मद्य आणि संगीत हवे असेल, तर त्याची रीतसर सोय असलेली जागा गोव्यात आहे. पणजीला मांडवी नदीवर संध्याकाळच्या जलसफरी चालतात.

हवामान आणि धोक्याच्या खुणा

दुपारनंतर सह्याद्रीच्या रांगेवरून येणारा वारा जलाशयाच्या लांबीत घुसला की लाटा उठतात. पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले, तर लहान बोटीने निघू नये. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी उंच, फुलकोबीसारखे फुगलेले काळे ढग दिसले, की संध्याकाळी गडगडाट ठरलेला. मोकळ्या पाण्यावर बोट हीच सर्वांत उंच वस्तू असते. म्हणून गडगडाट ऐकू आला तर फेरी रद्द करावी आणि आधीच पाण्यावर असल्यास जवळच्या पूर्वेच्या काठाला लागावे. बोटवाला नको म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये किंवा जास्त पैशांचे आमिष दाखवू नये. या पाण्यावरचा वारा त्याला रोजचा आहे.

जवळ ठेवण्याच्या गोष्टी मोजक्याच: विजेरी, शिट्टी, जाड कापडाचा एक पंचा, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. डोंगरांमुळे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. फेरीला जातो आहोत आणि केव्हा परतणार, हे मुक्कामाच्या घरी सांगून जावे.

परतल्यावर

रात्री घाट चढून साताऱ्याला किंवा महाबळेश्वरला परतण्यापेक्षा तापोळा-बामणोली परिसरातच मुक्काम करावा. घरगुती निवास, कृषी पर्यटन केंद्रे आणि तंबूंची सोय इथे आहे. जेवण आधी सांगितले, तर भाकरी, पिठले, तांदळाचा भात असे गरम मिळते. तंबू पाण्याला अगदी लागून लावू नये. जलाशयाचा काठ गाळाचा असतो आणि तिथे गुरे व जंगली जनावरे पाण्यावर येतात.

इतर पर्याय

महाबळेश्वरचे वेण्णा तळे लहान आहे, पण वल्ह्यांच्या होडीसाठी चांगले. नाशिकजवळ गंगापूर धरणावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे आणि द्राक्षबागा व वाइनरी परिसरातच आहेत. हिंगोलीकरांना तो बेत छत्रपती संभाजीनगर मार्गे जवळचा पडतो. अकोले तालुक्यात प्रवरेवरचे १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आणि त्याचा आर्थर तलाव हीसुद्धा खरीखुरी डोंगरातली जागा आहे.

गोरेगावकरांच्या जवळचे मोठे पाणी म्हणजे पूर्णा नदीवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे. दोन्ही १९६८मध्ये पूर्ण झाली. जिंतूरच्या डोंगरांतली येलदरीची संध्याकाळ पाहण्यासारखी आहे, पण ती काठावरून. मासेमारीची होडी प्रवाशांसाठी बांधलेली नसते आणि तिच्यात जॅकेटही नसतात. मच्छीमाराला गळ घालून तीत बसू नये. थर्मास आणि शेंगदाणे घेऊन मुलांसह धरणापासून सुरक्षित अंतरावर उंच, मोकळ्या जागी बसावे आणि अंधार पडण्याआधी गाडीपाशी परतावे.