काळा खट्टा आणि जांभळी जीभ

उन्हाळा आला की आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "बर्फ नको, घसा धरेल." आपल्या आईनं आपल्याला हेच सांगितलं, आता आपण मुलांना सांगतो. मुलं मात्र हुशार. गोळा खाल्ला, दुसऱ्या दिवशी घसा ठणठणीत! म्हणजे आई उगीच घाबरवते, हे त्यांच्या मनात पक्कं बसतं.

मला वाटतं, आपली भीती जरा भलतीकडेच आहे. धास्ती गारव्याची नको, बर्फ ज्या पाण्याचा झाला त्या पाण्याची हवी. पाणी गोठलं की जंतू मरतात, असं आपण मनात धरून चालतो. तसं होत नाही. काही मरतात, बरेचसे नुसते थिजून राहतात. जुलाबाचे, टायफॉइडचे जंतू, काविळीचा विषाणू, सगळे बर्फात तग धरतात. वरून लिंबू पिळलं म्हणूनही ते जात नाहीत.

आणि आपली गंमत बघा. प्रवासात मुलासाठी आठवणीनं बाटलीबंद पाणी घेतो, पण हॉटेलात त्याच्या सरबतात पडलेल्या बर्फाच्या खड्यांकडे लक्षच जात नाही. दमलेले असतो हो आपणही.

त्यातून हे दुखणं लगेच उमटतं असंही नाही. उलट्या-जुलाब एक-दोन दिवसांत होतात, पण टायफॉइडचा ताप यायला साधारण 1 ते 3 आठवडे लागतात. दूषित पाण्यातून होणारी 'हेपॅटायटिस ए'ची कावीळ तर 15 ते 50 दिवसांनी दिसते. तोवर जत्रेतला गोळा कोणाच्या लक्षात राहणार? आपण कालच्या वडापावला बोल लावून मोकळे होतो.

महाराष्ट्रात 2018 मध्ये अन्न व औषध प्रशासनानं अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम केला. मासळी टिकवायचा, कारखान्यातला बर्फ निळा आणि खायचा पांढरा, म्हणजे एकाचा दुसऱ्यात घोळ नको. नियम चांगलाच आहे. पण पांढरी लादीसुद्धा गोणपाटात गुंडाळून, फरशीवरून ओढत गाडीपर्यंत येते. तिथं हात धुवायला नळ नसतो आणि पैसे घेणारा हातच गोळा वळतो. मला गोळेवाल्याचा राग येत नाही, तोही बर्फ विकतच आणतो. फक्त काळा खट्टा ओतला की आतला बर्फ कसा होता हे ना त्याला दिसतं, ना आपल्याला.

मुलाचं काय होतं, तेही बघूया ना. शाळेच्या फाटकापाशी सगळा घोळका गोळा चोखत उभा आणि आपलं लेकरू एकटं बाजूला. किती दिवस राहील? एक दिवस खातंच, आणि जांभळी जीभ घेऊन घरी येऊन म्हणतं, "नाही खाल्ला." मला त्या गोळ्यापेक्षा या 'नाही'ची काळजी जास्त वाटते. ओरडा बसेल म्हणून उद्या ते पोटात कळ आली तरी सांगणार नाही.

त्यापेक्षा रविवारी घरीच गोळ्यांचा बेत करावा. पाणी खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं, धुतलेल्या ट्रेमध्ये लावायचं. बर्फ स्वच्छ फडक्यात बांधून लाटण्यानं कुटायचं काम पोरांना द्या, ती खूश! वर कोकमाचं आगळ नाहीतर कैरीचं पन्हं. शेजारची दोन पोरं बोलावली तर बाहेरच्या गोळ्याची ओढ थोडी कमी होते. पूर्ण जात नाही, हे मात्र खरं. उसाचा रस बिनबर्फाचा आणि समोर काढलेला घ्यायची सवय लागली तरी पुष्कळ. टायफॉइडच्या लशीचंही डॉक्टरांना विचारून ठेवा. नवी मुंबई महापालिकेनं 2018 मध्ये मुलांसाठी या लशीची मोहीमच काढली होती.

एवढं करूनही जुलाब लागलेच, तर ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट बरोबर 1 लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजत राहा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडलं, मूल मलूल झालं किंवा ताप उतरेना, तर थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर महिनाभरात बाहेर काय काय खाल्लं ते पोरालाच सांगू द्या, मध्ये डोळे वटारू नका. त्याला सगळं आठवत असतं, अगदी रंगासकट.