मशीन घेण्याआधी पाणी तपासा

लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात ठेवलेलं स्टीलचं मशीन, वाफेचा फुसफुसाट, दुधाचा फेस आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. सांगली-मिरज-कुपवाडकडच्या अनेकांची एस्प्रेसोशी पहिली ओळख अशीच झाली. ते मशीन फक्त वाफ देतं. कॉफी असते ती कपात आधीच घातलेली इन्स्टंट. घरी कॅफेच्या तोडीचं मशीन घ्यायला निघालेल्या माणसाला हा फरक आधी कळलेला बरा. त्याला जी कॉफी हवी आहे ती वाफेने होत नाही, दाबाखालच्या गरम पाण्याने होते.

सुरुवातीला इटालियन मंडळीही वाफेवरच अवलंबून होती. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलं त्या मशीनमध्ये पाणी ढकलायला बॉयलरच्या वाफेचाच दाब होता. तो जेमतेम, आणि पाणी मात्र वाजवीपेक्षा गरम. आकिले गाज्जिया यांनी १९३८ मध्ये वाफेविना कॉफी काढायची युक्ती नोंदवली आणि महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, त्यांचं दांड्याचं मशीन बाजारात आलं. दांडा ओढून स्प्रिंग दाबायची, ती सुटताना पाण्यावर आठ-नऊ बार दाब यायचा आणि कॉफीवर सोनेरी साय धरायची. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई-६१’ने हे काम विजेच्या पंपाकडे दिलं. आजच्या चांगल्या घरगुती मशीनचं गणित तेच आहे: सुमारे ९ बार दाब, नव्वद ते शहाण्णव अंशांचं पाणी, १८ ग्रॅम पूड, साधारण ३६ ग्रॅम कॉफी, पंचवीस-तीस सेकंद. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘१५ बार’ ही पंपाची कमाल ताकद असते. त्या आकड्यावर भाळून मशीन निवडू नये.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा इंजिनिअरिंग कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थांनी यातलं सगळं वाचलं होतं. बॉयलरचा धातू कोणता, पंप कोणत्या जातीचा, पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायचा दांड्याचा चमचा, ५८ मिलिमीटरचा आहे की नाही, सगळं तपासून त्यांनी लाखाच्या घरातलं मशीन घेतलं. कॉफी सुरेख यायची. काही महिन्यांनी धार बारीक झाली, मग थेंब थेंब पडू लागलं. मशीन उघडलं तेव्हा पाण्याचा वेग ठरवणारं, मिलिमीटरहूनही लहान असलेलं छिद्र पांढऱ्या खड्यांनी बुजलेलं निघालं. बॉयलरच्या आतही थर होता. त्यांच्या टाकीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं सोडलं जायचं, आणि मशीन विकणाऱ्याने पाण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

हे फक्त त्यांच्या घरचं दुखणं नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महानगरपालिका झाली. नळाला कृष्णेचं पाणी येतं, तरी घरोघरी बोअर आहेतच. याच जिल्ह्यात नदीकाठच्या ऊसपट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरच्या गीझरची कॉइल वारंवार बदलावी लागते, बादलीच्या कडेला पांढरा डाग धरतो, त्यांना उत्तर आधीच मिळालेलं आहे.

आकडे पाहिले तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या मार्गदर्शनात कॉफीच्या पाण्याचा कठीणपणा ५० ते १७५ आहे. म्हणजे माणसाला बिनधोक असलेलं पाणी मशीनला मारक ठरू शकतं.

मग सगळे करतात तेच कुपवाडच्या त्या गृहस्थांनीही केलं: स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मशीनला लावलं. खार बसायचा थांबला, पण नवीनच तक्रार सुरू झाली. वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणीच येऊ लागलं. अशा मशीनच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी धातूची सळई असते. पाणी सळईला टेकलं की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि पंपाला थांबायची खूण मिळते. क्षार जवळजवळ उरलेच नाहीत तर प्रवाह वाहत नाही, मशीनला बॉयलर रिकामा वाटतो आणि ते भरतच राहतं. शिवाय असं ‘भुकेलं’ पाणी धातू खातं, आणि त्यातली कॉफीही फिकी लागते.

उपाय महाग नाही, पण मोजून करायचा आहे. काहीशे रुपयांचं टीडीएस मीटर घ्यावं. मात्र ते एकूण विरघळलेले क्षार सांगतं, कठीणपणा सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहण्याचा वेगळा संच मिळतो किंवा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. आरओच्या पाण्यात गाळलेलं नळाचं पाणी मिसळून टीडीएस १०० ते १५० च्या आसपास आणता येतो. बऱ्याच आरओंना आतच तसा स्क्रू असतो, तो बसवणाऱ्याकडून फिरवून घ्यावा. बोअरचं पाणी या मिश्रणात नको. कुपवाडच्या त्या मशीनचं पाणी आता असंच मोजून भरलं जातं, आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजलं जातं, कारण पावसाळ्यातलं आणि मे महिन्यातलं पाणी सारखं नसतं.

बॉयलरमध्ये एकदा खार धरला की लिंबूसत्त्वाने धुवायचं, हा सल्ला सर्रास मिळतो. लहान मशीनला, पुस्तिकेत सांगितलं असेल तर, तो ठीक. मोठ्या बॉयलरमध्ये सुटलेले खडे पुढे जाऊन तेच बारीक छिद्र बुजवतात. तिथे मशीन उघडूनच साफ करावं लागतं, आणि ते काम जाणत्याचं.

विजेचा प्रश्न पाण्याखालोखाल. १४०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या थोडं वर घेतं. दोन बॉयलरचं मोठं मशीन तेरापर्यंत जातं. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. मिक्सरच्या पॉइंटवर जोडणी नको, घरच्या इन्व्हर्टरवर तर नकोच. मशीन सुरू केलं की आरसीसीबी पडत असेल तर वायरमनला ‘तो काढून टाका’ असं सांगू नये. हीटरच्या कॉइलला चीर जाऊन वीज पाण्यात उतरत असण्याची ती खूण असू शकते.

अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला किंवा मुलीला ‘येताना एक मशीन आण’ असं सांगायचा मोह होतो. तिथे ते स्वस्त दिसतं. पण तिथलं मशीन १२० व्होल्टचं. आपल्या सॉकेटला लावलं तर कॉइलवर जवळजवळ चौपट वॅटेज येतं आणि ती क्षणात जळते. प्रवासातला छोटा ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. खरा ट्रान्सफॉर्मर दोन-तीन हजार व्होल्ट-अँपिअरचा, उचलायला जड, आणि तो लावूनही तिथली ६० हर्ट्झची वारंवारता मिळत नाही, इथली ५० च राहते. घरगुती मशीनमधला साधा पंप विजेच्या प्रत्येक आवर्तनाला एक धक्का देतो, त्यामुळे तो इथे मंदावतो. हमीही सहसा त्या देशापुरती असते. आणायचंच तर युरोपातून, २३० व्होल्टचं, आणि इथे सुटे भाग मिळतात याची खात्री करून.

एवढं जमलं की मशीनकडे वळावं, तेही आधी ग्राइंडरकडे. बजेटचा निम्मा वाटा ग्राइंडरला द्यावा असं म्हटलं की घरचे नाराज होतात, पण हाच खर्च कपात उतरतो. मिक्सरचं पातं बिया तोडतं; त्यात पीठही होतं आणि कणीही राहते. पाणी मोकळ्या जागेतून पळतं, आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. ग्राइंडरच्या दोन चकत्या गिरणीच्या पाटांसारख्या जवळ-दूर करता येतात. शॉट दहा सेकंदांत वाहून गेला तर पाट जवळ आणायचे, थेंबही पडत नसेल तर दूर. पावसाळी हवेत हे पुन्हा जुळवावं लागतं. विजेचा ग्राइंडर परवडत नसेल तर चांगला हाताचा घ्यावा.

मशीन किती मोठं, हे घरात रोज दूध घातलेले कप किती होतात यावर ठरवावं. एका बॉयलरच्या मशीनला कॉफीसाठी एक तापमान आणि वाफेसाठी बरंच वरचं दुसरं तापमान गाठावं लागतं, म्हणून दोन्हींमध्ये थांबावं लागतं. दोघांच्या घराला ते पुरतं. रँचिलिओची सिल्व्हिया १९९७ पासून आणि गाज्जिया क्लासिक १९९१ पासून या प्रकारात टिकून आहेत, ती त्यांची घडण साधी आणि भाग बदलता येण्याजोगे असल्यामुळे. रविवारी सहा पाहुण्यांना कॅपुचिनो द्यायची हौस असेल तर हीट एक्स्चेंजर (वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापवणारी रचना) किंवा दोन बॉयलर हवेत. ई-६१ पद्धतीचा ग्रुप, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकवतात तो भाग, कित्येक किलोंचा असतो, त्याला तापायला अर्धा तास लागतो. सकाळी साडेसहाला कंपनीची बस गाठणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. ओट्यावरची जागा आणि वरच्या कपाटाची उंचीही मोजावी. रोजच्या वाफेने प्लायवूडचा तळ फुगतो.

बंद पडलेल्या कॅफेचं दोन ग्रुपांचं मशीन स्वस्तात मिळतंय, असा निरोप केव्हातरी येतोच. त्याला कायमची पाण्याची लाइन, सांडपाण्याची नळी आणि घराच्या मंजूर भाराबाहेरची वीज लागू शकते. बॉयलर उघडून दाखवत नसतील तर घेऊ नये.

दुरुस्तीबाबत कुपवाड नशीबवान आहे आणि म्हणूनच इथे धोकाही आहे. इथे लेथ आहेत, हात कसलेले आहेत, ओ-रिंग मापाने मिळते. ग्रुपचं गॅस्केट दर वर्षा-दीड वर्षाने कडक होतं, ते घरी बदलता येतं. फक्त रबर खाद्यपदार्थाला चालणारं, उष्णता सोसणारं हवं. पण वाफेचा बॉयलर हे दाबाचं भांडं आहे. त्याला वेल्डिंग करणं, सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तिथे बोल्ट ठोकणं, हे कितीही कसलेल्या मिस्त्रीकडून करून घेऊ नये. तंत्रज्ञ पुण्याहून किंवा बंगळूरहून यायचा असेल तर येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी लिहून घ्यावं.

बिया ताज्या, भाजल्याची तारीख छापलेल्या घ्याव्यात. चिकमगळूर, कोडगू आपल्याला दूर नाहीत. भाजल्यावर आठवडाभर थांबून पुढच्या महिनाभरात संपवाव्यात. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालू नये, ती फुगून पोर्टाफिल्टरमधली जाळी तुंबवते. दूध थंडच घ्यावं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा टक्क्यांच्या वर, चव भरदार, पण सुरुवातीला हात बसवायला गायीचं दूध सोपं जातं. साठ-पासष्ट अंशांवर, म्हणजे भांड्याला हात लावून ठेवता येईनासा झाला की वाफ बंद करावी. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसावी आणि क्षणभर वाफ सोडून आतलं दूध बाहेर काढावं.