शेतावर राबणाऱ्या आईबापांस चार सूचना

तेर हें गोरोबाकाकांचें गांव. भजनांत तल्लीन होऊन माती तुडवितांना त्यांचें तान्हें मूल पायांखालीं सांपडलें, ही कथा तेरणेकांठीं सर्वांस ठाऊक आहे. कथेंत विठ्ठलानें मूल परत दिलें. आपण मात्र त्यांतून सावधगिरीचाच बोध घ्यावा. काम कितीही चांगलें असलें, तरी त्यांत मन गुंतलें कीं मुलाचा विसर पडतो. म्हणून आम्ही कांहीं अल्पखर्चाच्या गोष्टी सुचवितों.

खुरपणीच्या दिवसांत शेजारच्या चार घरांनीं पाळीपाळीनें एक मोठें माणूस मुलांजवळ ठेवावें. झोळी विहिरीपासून व बैलांच्या दावणीपासून दूर बांधावी. फवारणीचें औषध पाण्याच्या बाटलींत कधींही ओतूं नये. फवारणी केल्यावर कपडे बदलून, साबणानें अंग धुऊनच मुलास उचलावें.

पहिले सहा महिने आईचें दूधच पुरे. वरचें पाणीही नको. पुढें दुधाच्या जोडीस मुगाची मऊ खिचडी, वरणांत कुस्करलेली भाकरी द्यावी.

जुलाब लागल्यास जलसंजीवनी पाजावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिची पुडी विनामूल्य मिळते. पुडी हाताशीं नसेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावें. दूध व अन्न थांबवूं नये. मूल मलूल झालें किंवा शौचांत रक्त दिसलें, तर पेरणी राहिली तरी चालेल, पण दवाखाना गांठावा. हुकलेली पेरणी पुढल्या हंगामांत करतां येते.