शंका, शेजारी आणि आपली निष्ठा

देवणी हा सीमेवरचा मुलूख. हा भाग पूर्वी उदगीर तालुक्यात मोडत असे, आणि १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. त्यामुळे येथील माणसाच्या कानावर मराठीबरोबर कानडी, उर्दू आणि थोडीबहुत तेलुगूही पडत आलेली आहे. एकाच गल्लीत गळ्यात तुळशीची माळ असलेला, छातीवर इष्टलिंग बांधलेला, पाच वेळा नमाज पढणारा आणि बुद्धवंदना म्हणणारा अशी चार घरे असतात. बांधाला बांध लागलेला, सुखदुःखात जाणे-येणे. अशा ठिकाणी धर्माविषयी प्रश्न उठणार नाहीत तर कुठे उठतील?

हरिपाठ संपल्यावर, दिंडीच्या मुक्कामी हे प्रश्न हळूच विचारले जातात. कोणी म्हणते, "महाराज, गळ्यात माळ हाय, अन् दर्ग्यापुढनं जाताना हात जोडावं का नाही?" कोणी म्हणते, "पोरगं शिकून आलं, म्हणतंय देव दाखवा मग हात जोडतो. त्याला काय सांगावं?" आणि एखादी माय पदर तोंडाला लावून विचारते, "इतक्या वाऱ्या केल्या, तरी लेकरू गेलं. तवा इठोबा कुठं होता?" हे तीन प्रश्न तीन जातींचे आहेत, पण तिघांच्याही मनात एकच भीती असते की, असे विचारणे हे पाप तर नव्हे? आजच्या पाठात या भीतीचाच विचार करू.

जिज्ञासा आणि कुतर्क

सांप्रदायिक मंडळींना गीतेच्या चौथ्या अध्यायातील 'संशयात्मा' हा शब्द चांगला ठाऊक असतो. संशयाने माणसाचा नाश होतो, एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण त्याच अध्यायात त्याच्या थोडे आधी भगवंतांनी ज्ञान मिळवण्याची रीत सांगितली आहे. तीत नमस्कार आहे, सेवा आहे, आणि त्या दोहोंच्या बरोबरीने 'परिप्रश्न' आहे. परिप्रश्न म्हणजे सर्व बाजूंनी विचारणे. प्रश्न करणे पाप असते तर हा शब्द तेथे आला असता का? अर्जुनाने विचारले म्हणून तर गीता झाली. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावरही भगवंत त्याला आज्ञा करीत नाहीत, पुरता विचार करून तुला वाटेल ते कर, असेच सांगतात.

मग नाश करणारा संशय कोणता? देवणीच्या शेतकऱ्याला हे सांगायला पोथी लागत नाही. देवणीचा बैल दूरवर नावाजलेला. तो घेताना जाणता शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जुंपूनही पाहतो. त्याला बैलाविषयी शंका असते. पण ती का? तर त्याला तो बैल घरी न्यायचा असतो, आपले शेत त्याच्या खांद्यावर सोपवायचे असते. त्याच बाजारात दुसरा एक जण असतो. तोही दात पाहतो, खोड काढतो, भाव पाडतो, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातो. कारण त्याला घ्यायचे काहीच नव्हते. पहिल्याची शंका ती जिज्ञासा, दुसऱ्याची ती कुतर्क. वरून दोघांचे प्रश्न सारखेच दिसतात. म्हणून शिकून आलेल्या पोराला "गप बैस" म्हणण्याआधी त्याला बैल घ्यायचा आहे की नुसता बाजार फिरायचा आहे, हे प्रेमाने पाहावे.

संतांना शंका आल्या नाहीत काय?

ही मराठवाड्याची भूमी तर या प्रश्नाची साक्षीदारच आहे. तेरला गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी पारखली आणि नामदेवरायांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण दरसाल ऐकतो. देव ज्यांच्याशी बोलतो, त्यांना कच्चे म्हणावे! नामदेव रुसले, देवाकडे गेले, आणि देवानेच त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. औंढ्या नागनाथाला विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हणताच ते म्हणाले, जेथे देव नाही तेथे ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. ही कथा नीट पाहा. नामदेवांची शंका विसोबांनी दाबली नाही. ती वाढवली, शेवटापर्यंत नेली, आणि तेथे ती आपोआप गळाली.

तुकोबांचे तर काय सांगावे! १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले. त्यानंतरच्या त्यांच्या वाणीत देवाशी भांडण आहे, देवाला दोष देणे आहे, आपल्यापुरता देव उरलाच नाही इथवरचे शब्द आहेत. ते अभंग आपण गाथ्यातून काढून टाकले नाहीत. टाळमृदंगाच्या गजरात गातो. पण तुकोबा भांडले ते देवाशी, देवाकडे पाठ फिरवून नव्हे. लेकरू गेलेल्या माउलीला हेच सांगावे: विचार, भांड, रड; तुझ्याआधी तुकोबा रडले आहेत. तुझी भक्ती कमी पडली म्हणून असे झाले, असे मात्र तिला कोणी सांगू नये.

शेजाऱ्याच्या घरातही

हाच अनुभव दुसऱ्या धर्मांतही आहे. ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रात इयोब नावाचा सज्जन आहे. त्याची गुरेढोरे, मुलेबाळे सगळी जातात. मित्र येऊन त्याला समजावतात की, तुझेच काही पाप असेल. इयोब ते मानीत नाही, देवालाच जाब विचारतो. आणि शेवटी देव रागावतो तो त्या समजूतदार मित्रांवर. बोलला ते इयोबच नीट बोलला, असे ठरते. त्यांच्याच ग्रंथात थोमा नावाचा शिष्य आहे. गुरूच्या जखमांवर बोट ठेवल्याशिवाय मानणार नाही, असे तो म्हणाला. त्याला हाकलून दिले नाही. ये, पाहा, असे म्हटले.

कुराणात हजरत इब्राहीम परमेश्वराला विचारतात, मेलेल्याला तू पुन्हा कसा उठवतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असे विचारल्यावर ते सांगतात की, विश्वास आहे, पण मनाला स्वस्थता हवी. किती प्रामाणिक उत्तर! आणि बगदादचे मोठे पंडित अल्-गझाली यांनी १०९५ साली मानाची जागा सोडली, कारण जे आपण शिकवतो ते आपल्याला स्वतःला खरे कळले आहे काय, या शंकेने त्यांना ग्रासले होते. पुढे त्यांनी ती सारी हकीकत लिहून ठेवली.

तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट धरू नका, स्वतः पारखा. मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला प्रश्नामागून प्रश्न विचारले, त्याचा एक ग्रंथच झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले, त्याला पुढे नाव मिळाले ते याच प्रश्न विचारणाऱ्या राजाचे.

तर वाचकहो, शंका ही एका धर्माची नव्हे. जेथे जेथे माणूस मनापासून देव किंवा सत्य शोधू लागला, तेथे तेथे ती आली.

आमचा खरा, तर त्यांचा खोटा काय?

आता पहिला प्रश्न. नाथमहाराजांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचला आहे. त्यात दोघे एकमेकांच्या धर्मातली उणी काढून कडकडून भांडतात. नाथांनी कोणाच्याही तोंडी मिळमिळीत बोलणे घातले नाही. मनातले सगळे बाहेर पडल्यावर मग दोघे एकमेकांना भेटतात. पोटात शंका ठेवून वरवर गोड बोलणे नाथांना नको होते.

आपल्या शेजारचेच पाहा. कल्याणजवळ नारायणपूरला ज्यांची समाधी आहे ते मृत्युंजय, म्हणजे शहा मुंतोजी. बीदरच्या बहामनी घराण्याशी परंपरा त्यांचे नाते सांगते. जन्माने मुसलमान, गुरू सहजानंद, आणि 'सिद्धसंकेत प्रबंध' लिहिला तो मराठीत. बीदरजवळच्या अष्टुरास १४३६ साली वारलेल्या अहमदशहा बहामनीची कबर आहे. मुसलमान त्याला वली मानतात, लिंगायत त्यालाच अल्लमप्रभूंचे रूप मानतात, आणि उरुसात जंगमाला मान असतो. उत्तरेकडे नांदेडला जा. तेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्यापूर्वी गुरुपद ग्रंथाला दिले. त्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत, कबीर आणि शेख फरीद यांच्या शेजारी. नरसीच्या शिंप्याची वाणी शीख बांधव माथ्यावर घेतात. मग हात जोडल्याने माळ कशी बाटेल?

पण येथे एक सावधगिरी हवी. "सगळे धर्म सारखेच, तुमचा अल्ला तो आमचा विठ्ठलच" असे म्हणून मोकळे होऊ नये. मुसलमान मूर्ती मानीत नाही, बौद्ध सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही, लिंगायताला इष्टलिंगावाचून पूजा नाही. हे भेद खरे आहेत, आणि त्यांनी ते जिवापाड जपले आहेत. त्यांचे म्हणणे न ऐकता त्यांना आपल्या पोटात घालणे हाही एक अहंकारच. आपल्याला आपली आई प्रिय म्हणून शेजाऱ्याची आई खोटी होत नाही. तसेच तुझी आई ती माझीच आई, असे सांगून त्याचे घरही आपल्याला मिळत नाही. नमस्कार करावा, मान द्यावा, आणि आपल्या घरी येऊन आपल्या आईची सेवा करावी. निष्ठा म्हणजे एवढेच.

कंदुरीचे विचारतात, तेही सांगतो. वारकऱ्याने मांस खाऊ नये, नवसाला जीव मारू नये. पण हे दर्गा मुसलमानाचा म्हणून नव्हे. मरीआईपुढे बकरे कापले तरी नियम तोच. आपल्या नियमाला दुसऱ्याच्या द्वेषाचा आधार देऊ नये.

जी शंका आपल्यामुळे आली

एका शंकेपुढे मात्र आपण मान खाली घातली पाहिजे. ज्या पंढरीत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर राहिली, तेथे त्यांच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाचे पाय दिसावेत म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. संतांनी जे सांगितले ते आपण शतकानुशतके गायिलो आणि आचरले नाही. १९४८ च्या आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत बाबासाहेबांनी चोखोबांचे नाव घातले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखोंसह बौद्ध धम्म घेतला. "तुमचा देव सर्वांचा, तर दार बंद का?" या शंकेला शब्दाचे उत्तर नव्हते, दार उघडणे हेच उत्तर होते, आणि ते उशिरा मिळाले. आजही आपल्या गावच्या सप्ताहात पंगत, वीणा, पाणी यांत कोठे आडपडदा राहिला असेल, तर नव्या पिढीच्या शंकेचे मूळ पोथीत न शोधता तेथे शोधावे.

आचरणासाठी

शंका आली तर लपवू नये. जाणत्यापुढे आणि सत्संगात मांडावी. उत्तर मिळेपर्यंत नेम सोडू नये. औषधाचा गुण येईतो पथ्य पाळतो तसे. उत्तर येत नसेल तर कीर्तनकारानेही "मला ठाऊक नाही" म्हणावे, त्याने गादीचा मान कमी होत नाही. दुसऱ्या धर्माविषयी जे विचारायचे ते त्या धर्माच्या सज्जनाला विचारावे, त्याच्या वैऱ्याला विचारू नये. आणि दुःखात असलेल्याला उपदेश न करता जवळ बसावे.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या मनातली शंका बैल घेणाऱ्याची आहे की बाजार फिरणाऱ्याची?
२. विसोबांनी नामदेवांना उत्तर न देता जागा शोधायला का लावले?
३. शेजाऱ्याच्या धर्मातली एखादी गोष्ट मी त्याच्याच तोंडून कधी ऐकली आहे काय?
४. माझ्या वागण्यामुळे कोणाच्या मनात देवाविषयी शंका आली असेल काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने एकांतात द्यावे, आणि येत्या एकादशीपर्यंत त्यातले एक तरी निस्तरावे.

रामकृष्णहरि.