गॅस कटर येतो, तरी 'वाचवा!'

ही गोष्ट आमच्या गॅदरिंगच्या एकांकिकेची. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (सबमिशन वेळेवर पूर्ण केलेला मी एकटाच सापडलो, हे खरं कारण!)

माझं घर रे रोडला. स्टेशनातून बाहेर पडून बंदराच्या बाजूला गेलं की दारूखाना लागतो. जुनी जहाजं तोडण्यासाठी आणि भंगार लोखंडासाठी ही जागा प्रसिद्ध. म्हणून माझी नायिकाही तिथलीच घेतली. वडिलांच्या गाळ्यावर वाढलेली, नुसता पत्रा बघून जाडी सांगणारी, गॅस कटर सराईतपणे चालवणारी. पहिल्या प्रवेशात ती एका दादाला असं काही सुनावते की टाळी नक्की!

तिसऱ्या प्रवेशात हाच दादा तिला तोडायला आणलेल्या जहाजाच्या तेलाच्या टाकीत कोंडतो. ती 'वाचवा, वाचवा' ओरडते. नायक येतो, बाहेरून कटरने पत्रा कापतो आणि तिला बाहेर काढतो. पडदा.

ड्रॉइंग हॉलमध्ये वाचन झालं. सगळे खूश. मेकॅनिकलची जी मैत्रीण नायिकेचं काम करणार होती, ती मात्र गप्प. शेवटी म्हणाली, "अरे, पहिल्या प्रवेशात मला एवढं सगळं येतं. टाकीत गेल्यावर मी ते विसरले का? वापरायचं नव्हतं तर कटर शिकवलास कशाला? नुसतं ओरडायचंच असेल तर हे काम कोणालाही दे." एवढं बोलून ती निघून गेली. प्रयोग पंधरा दिवसांवर आणि नायिका गायब!

त्या रात्री मला झोप आली नाही. राग आला होता, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. मग मी शोधायला लागलो की ही चूक माझी एकट्याची आहे का. तर नाही! फार मोठमोठ्यांनी केलेली आहे.

होस्टेलवर मारिओ कोणी खेळला नाही असं होणार नाही. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये राजकन्या फक्त सोडवून आणण्यापुरती होती. १९८८ साली अमेरिकेत आलेल्या दुसऱ्या भागात ती स्वतः खेळायला मिळाली आणि हवेत तरंगायची कला तिच्या एकटीकडेच होती. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये काय झालं? पुन्हा पळवली गेली! तरंगणं कुठे गेलं, कोणी विचारलं नाही.

आता आपला 'शोले' (१९७५) घ्या. बसंती स्वतःचा टांगा हाकून पोट भरते. डाकू मागे लागतात तेव्हा ती टांगा अशी पळवते की बघत राहावं. चाक निखळतं, ती पकडली जाते आणि तिथेच टांगेवाली संपते. नंतर वीरूचा जीव वाचवण्यासाठी ती काचांवर नाचते. हे धैर्यच आहे, कबूल. पण तिला जे येतं, त्याचा उपयोग तिथे शून्य. सुटका जय करतो. गंमत म्हणजे हेमामालिनीच्या जागी टांग्याचे स्टंट करणारी रेश्मा पठाण ही बाईच होती. तिच्यावर 'द शोले गर्ल' हा चित्रपट यायला मात्र २०१९ साल उजाडलं.

असं का होतं? माझ्या मते उत्तर साधं आहे. नायकाला धावायला कारण लागतं आणि नायिकेला पळवणं हे लेखकाला मिळणारं सगळ्यात स्वस्त इंधन. मीही तेच भरलं होतं.

कोणी म्हणेल, जुन्या काळी असंच चालायचं. तसंही नाही. रे रोडहून परळ काही लांब नाही. तिथे लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. (१९४२ मध्ये याच जागी व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर सुरू केलं.) वाडिया बंधूंचा 'हंटरवाली' आला १९३५ साली. नायिका नादिया, मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. या चित्रपटात कैदेत पडतो तो राजा आणि मुखवटा चढवून, चाबूक घेऊन निघते ती त्याची मुलगी. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटिअर मेल'मध्ये नादिया रेल्वेच्या टपावर मारामारी करते. स्टंट ती स्वतः करायची. लोकांनी हे डोक्यावर घेतलं. म्हणजे 'पब्लिकला चालत नाही' ही सबब खोटी.

एक मुद्दा नीट लक्षात घ्या. नायिकेने अडकूच नये, असं माझं म्हणणं नाही. 'शोले'त वीरूही बांधला जातोच की! अडकणं हा दोष नाही. दोष हा की नायक अडकला तर गोष्टीत एक अडथळा येतो, नायिका अडकली की तिचं डोकंच बंद पडतं.

म्हणून गोष्ट लिहून झाली की ही छोटी व्हायवा घ्या :

१. पहिल्या भागात नायिकेला काय येतं असं आपण सांगितलं?
२. संकटात ते वापरलं गेलं का? नसेल, तर न वापरण्याचं कारण गोष्टीत आहे का?
३. तिच्या जागी पैशाची पेटी ठेवली तर गोष्ट तशीच चालेल का? चालत असेल तर आपण नायिका नाही, पेटी लिहिली आहे.

माझी एकांकिका तिन्ही प्रश्नांत नापास! मग स्क्रिप्ट घेऊन वर्कशॉपच्या सरांकडे गेलो. त्यांनी वाचून एकच विचारलं, "टाकी गॅस-फ्री केली होती का?" तेल असलेल्या टाकीत वाफ साठून राहते. ती काढून, तपासून घेतल्याशिवाय कटर लावला तर स्फोट होऊ शकतो. थोडक्यात, माझ्या नायकाने नायिकेला वाचवलं नव्हतं, उडवलं होतं!

आणि हे कोणाला माहीत असणार? दारूखान्यात वाढलेल्या त्या मुलीलाच!

प्रवेश पुन्हा लिहिला. आता ती ओरडण्यात दम घालवत नाही. हवेच्या पाइपजवळ तोंड धरून बसते आणि पत्र्यावर ठोकून जागा सांगते. नायक कटर पेटवायला जातो तेव्हा आतून दरडावते, "पेटवू नकोस! पान्याने मॅनहोलचे बोल्ट खोल. हवा सोड. आणि आत उडी मारू नकोस, तूही बेशुद्ध पडशील." बंद टाकीत सोडवायला धावलेला माणूसच जिवाला मुकतो, हे सरांनी बजावून सांगितलं होतं. सुटका नायकाच्या हातांनी होते, पण दोघांचे जीव वाचतात ते तिच्या डोक्यामुळे.

मैत्रिणीला नवी पानं नेऊन दिली. तिने तिथेच उभ्याने वाचली. म्हणाली, "तालीम किती वाजता?"

यंदा गॅदरिंगसाठी लिहिणाऱ्यांनी वरचे तीन प्रश्न स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि टाकीचा प्रवेश असेल तर आधी वर्कशॉपमध्ये दाखवा!